दस्तुरखुद्द : हातानें केलेल्या शुभेच्छापत्राची कथा

मराठींत ‘दस्तुरखुद्द’ असा एक जुना शब्द आहे. एखादा थोर मनुष्य जातीनें आला म्हणजे ‘दस्तुरखुद्द अमके आले’ असें आपण म्हणतों. परंतु हा शब्द मूळचा दप्तरखान्यांतला आहे. फारशींतून तो आपल्या राजकारभारांत आला आणि ‘स्वतःच्या हातचें अक्षर’ हा त्याचा खरा अर्थ होता. पत्राचा मजकूर कारकुनानें लिहावा, माथ्यावर शिक्का उमटावा, शेवटीं मोर्तब व्हावें, आणि त्या सर्वांत एखादी ओळ धन्यानें आपल्या हातानें घालावी. ती ओळ दस्तुरखुद्द. पत्र ज्याच्या हातीं पडे तो मजकूर वाची, शिक्का न्याहाळी. पण त्याचें मन थांबे तें त्या एका ओळीपाशीं.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. ठसे, शाईची गादी आणि कागद कापण्याचें लहानसें यंत्र एवढ्या सामुग्रीवर घरच्या घरीं केलेलीं शुभेच्छापत्रें, हा तो विषय. वाढदिवस, बारसें, लग्न, संक्रांत, दिवाळी अशा प्रसंगीं असलीं पत्रें स्वतः करून पाठविण्याचा छंद कित्येक सुशिक्षित घरांत आढळतो. त्यावर एक आक्षेप हमखास येतो. ठसा विकत आणलेला, नक्षी यंत्रानें कापलेली; मग ह्यांत हातचें तें काय राहिलें? आक्षेप सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. तें उत्तर इतिहासांत सांपडतें, म्हणून त्या इतिहासाचा थोडासा मागोवा आपण घेऊं.

हा मागोवा नागापुराहून सुरू करणें सोयीचें आहे. अहिल्यानगर शहरांतून मनमाडच्या वाटेला लागलें कीं सीना नदीच्या परिसरांत नागापूर येतें. ह्या शहराचें नांव पूर्वीं अहमदनगर होतें. तें २०२४ सालीं बदललें. आज नागापूर म्हटलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती तेथील औद्योगिक वसाहत. कारखान्यांतलें कापकाम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ठाऊकच असेल कीं पोलादी साच्याखालीं पत्रा सरकतो, वरून दाब पडतो आणि हवा तो आकार कापून निघतो. कामगार त्या साच्याला ‘डाय’ म्हणतात. शुभेच्छापत्र करणारी गृहिणी ज्या साच्यानें कागदाचें फूल कापते त्याचेंहि तत्त्व हेंच. पत्र्याच्या जागीं कागद असतो आणि प्रचंड दाबाच्या जागीं मनगटाचा जोर असतो, एवढाच फरक. तेव्हां यंत्र आणि हात ह्यांचा तंटा नागापूरच्या शिवेवर उभें राहून पाहणें उचितच आहे. शिवाय ज्या मुलखांत हें गांव आहे तेथें कागदाची परंपरा पांचशें वर्षांहून जुनी आहे.

प्रथम ह्या कागदाचाच विचार करूं. मलिक अहमद ह्यानें इ. स. १४९० मध्यें बहामनी सत्तेचें जूं झुगारून निजामशाहीची स्थापना केली, तेव्हां त्याचें ठाणें जुन्नर येथें होतें. १४९४ च्या सुमारास त्यानें सीनेच्या कांठीं नवें शहर वसविलें आणि १४९९ मध्यें दौलताबादचा किल्ला घेतला. ह्या तीन नांवांपैकीं जुन्नर आणि दौलताबाद हीं दोन दख्खनच्या कागदाचीं माहेरघरें होत. दौलताबादेहून खुलताबादेस जातांना कागजीपुरा नांवाचें गांव आजहि लागतें. महंमद तुघलकानें चौदाव्या शतकांत दिल्लीची राजधानी इकडे हलविली तेव्हांपासून आपल्या घराण्यांत हा धंदा चालत आला, असें तेथील कागदी लोक परंपरेनें सांगत आले आहेत. जुनें गोणपाट, दोर आणि चिंध्या भिजवून कुटावयाच्या, त्यांचा लगदा हौदाच्या पाण्यांत कालवावयाचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलावयाचा, तो वाळवावयाचा, त्याला खळ लावावयाची आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें तो घोटावयाचा, अशी ही सारी मेहनत असे.

ह्यांतलें घोटणें फार महत्त्वाचें. न घोटलेल्या कागदावर शाई फुटते आणि अक्षराची कड केसाळ होते. ठशाचा नियमहि हाच. खडबडीत कागदावर बारीक रेषेचा ठसा उमटविला तर उंचवट्यावर शाई लागते आणि खोलगट भाग कोरा राहतो; म्हणून आजचे जाणकार बारीक नक्षीसाठीं गुळगुळीत कागद निवडतात आणि ठसठशीत नक्षीसाठीं खडबडीत. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद नांवाजलेले होते, त्याचें मर्म ह्या घोटाईंत आहे.

नगरच्या दरबारीं चित्रकलाहि नांदत होती. हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर रचलेला ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हा सोळाव्या शतकांतला सचित्र ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आहे. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचें उदाहरण शेजारच्या आदिलशाहींत, विजापुरास घडलें. पाण्यावर रंग तरंगवावयाचे, काडीनें ते हलवावयाचे आणि त्यांवर अलगद कागद टेंकवून त्या लहरी उचलून घ्यावयाच्या, ह्या कृतीला ‘अब्री’ म्हणतात. फारशींत ‘अब्र’ म्हणजे ढग. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत विजापूरच्या कारागिरांनीं ही ढगाळ नक्षी सगळ्या कागदावर पसरूं न देतां ती एका आकृतींतच कोंडून दाखविली. नको असलेली जागा कापलेल्या कागदानें झांकावयाची किंवा डिंकानें बंद करावयाची. मग रंग लागे तो फक्त घोड्याच्या अंगाला किंवा स्वाराच्या अंगरख्याला. हाडें वर आलेल्या मरतुकड्या घोड्याचें आणि त्याच्या स्वाराचें असें एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्यूझियममध्यें आहे. त्यांतली एकेक रंगीत लहर कुंचल्यानें काढलेली नाहीं. ती पाण्यानें काढली. कारागिराचा हात होता तो कोणती जागा झांकावयाची आणि कोणती उघडी ठेवावयाची, ह्या निर्णयांत. तरीहि तें चित्र हातचें नव्हे असें म्हणण्यास कोणीहि धजणार नाहीं.

आतां ठशाकडे वळूं. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपे तेथें ‘मर्यादा’ मुद्रा असे. ह्या दुसरीचें काम मोठें शहाणपणाचें होतें. ती उमटल्यावर मजकुरांत मागाहून एक अक्षरहि घुसडतां येत नसे. शिक्का आणि मोर्तब ह्या दोहोंवरून ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या बोलण्यांत रुळला. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं ठसा कोणाच्या हातानें उमटला ह्याला महत्त्व नव्हतें; कारकुनानें उमटविला तरी त्यांतला शब्द राजाचा. उलट दस्तुरखुद्द ओळीला किंमत होती ती केवळ हात कोणाचा ह्यावरच. एकाच पत्रांत आपल्या पूर्वजांनीं ह्या दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं नांदविल्या. ठशानें अधिकार सांगितला, अक्षरानें जिव्हाळा सांगितला. एकानें दुसऱ्याची जागा घेतली नाहीं.

दरबारांतून घरांत आलों तर तेथेंहि ठसे आणि कातरकाम जागोजाग दिसतें. वारकऱ्याच्या कपाळीं आणि दंडावर गोपीचंदनाच्या मुद्रा उमटतात त्या धातूच्या ठशांनीं. अंगणांत रांगोळीचे छापे असतात. भोंकें पाडलेल्या पत्र्यावर रांगोळी पसरली कीं क्षणांत कमळ उमटतें. दिवाळींत करंजीची कड कापतात ती कातण्यानें, आणि त्या कातण्याचें नागमोडी चाक हें आजच्या कागद कापणाऱ्या चाकाचें सख्खें भावंड आहे. कातणें बाजारांतून आणलें म्हणून करंजी बाजारची झाली, असें आजवर कोणत्याहि सासूनें म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. करंजी कोणाची हें ठरतें सारणावरून, आणि ती कोणाच्या पानांत पडली त्यावरून.

कापड छापणाऱ्या रंगाऱ्यांचें कामहि असेंच. लांकडी ठशांच्या जोडींत एक ठसा बाह्यरेषेचा, दुसरा रंग भरण्याचा. दोन्ही ठसे नेमके एकावर एक बसले पाहिजेत, नाहींतर फुलाचा रंग पाकळीच्या बाहेर सांडतो. शुभेच्छापत्र करणाऱ्याची पहिली परीक्षा नेमकी येथेंच होते. कोरून छापण्याची कला ग्रंथांकडे वळली तीहि कारागिराच्याच हातानें. पुण्यास नाना फडणीसांच्या प्रोत्साहनानें एका तांबटानें तांब्यावर अक्षरें कोरण्याचें काम आरंभिलें आणि नानांच्या पश्चात् मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं त्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली, असें मुद्रणाचे इतिहासकार सांगतात. भांडीं घडविणारा हात गीता छापूं लागला.

येथवर ठसा झाला, कागद झाला, कातरकाम झालें. परंतु एकमेकांना शुभेच्छेचें छापील पत्र पाठविण्याची चाल अद्याप आलेली नव्हती. तिला टपाल स्वस्त व्हावें लागलें, आणि तें प्रथम इंग्लंडांत झालें. तेथें १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें. त्या सुधारणेंत हातभार लावणारा हेन्री कोल नांवाचा गृहस्थ १८४३ च्या नाताळांत इतक्या लोकांना पत्रें कशीं लिहावीं ह्या विवंचनेंत पडला. त्यानें जॉन कॅलकॉट हॉर्सली ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें आणि त्याच्या सुमारें १,००० प्रती छापवून घेतल्या. नाताळचें पहिलें छापील कार्ड म्हणून तें प्रसिद्ध आहे. ह्या कार्डाबद्दल दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं त्याच्या रेषा शिळाछापावर छापल्या होत्या, पण रंग हातानें भरले होते. म्हणजे जन्मतःच तें अर्धें यंत्राचें आणि अर्धें हाताचें होतें. दुसरी गोष्ट अशी कीं कोणाला आणि कोणाकडून हें लिहिण्यासाठीं त्यावर दोन जागा कोऱ्या सोडलेल्या होत्या. सगळें कांहीं छापूनहि कोलनें दोन नांवें छापलीं नाहींत. तीं छापतां येण्यासारखींच नव्हतीं. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर दस्तुरखुद्द ओळीची जागा त्यानें राखून ठेविली.

ह्याच सुमारास कागदाला लेस पाडण्याची युक्ति इंग्रज कारागिरांना साधली. धातूच्या साच्यावर कागद दाबून उठाव आणावयाचा आणि वर आलेले उंचवटे कानशीनें घांसून काढावयाचे. घांसल्या जागीं भोंक पडतें आणि कागदाची जाळी होते. नागापूरचा ‘डाय’ आणि आजच्या छंदवाल्यांचें कर्तनयंत्र ह्यांचे पूर्वज असल्या साच्यांत शोधतां येतात.

हा लेसचा कागद अटलांटिक ओलांडून गेला आणि तेथें एक मोठी मनोरंजक गोष्ट घडली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतल्या वूस्टर गांवीं एस्थर हाउलंड नांवाची एका कागदविक्या दुकानदाराची मुलगी होती. १८४७ मध्यें शिक्षण संपवून घरीं आल्यावर तिनें इंग्लंडांतून आलेलें एक प्रेमपत्र-कार्ड पाहिलें आणि आपणहि असलीं करावीं असें तिनें मनांत घेतलें. तिनें कांहीं नमुने करून विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाजवळ दिले. दोनशें डॉलरांची मागणी आली तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा. भाऊ परत आला तो पांच हजारांहून अधिक डॉलरांची मागणी घेऊन, अशी कथा सांगतात. एकटीच्या हातून एवढें काम होणें शक्य नव्हतें. तिनें मैत्रिणींना कामाला बसविलें आणि कामाची वांटणी केली. एकीनें फक्त चित्रें कापावीं, दुसरीनें पार्श्वभूमि चिकटवावी, तिसरीनें लेस लावावी. तीं कार्डें शंभर टक्के हातचीं होतीं. पण करणाऱ्या मुलीला तें कोणाकडे जाणार हें ठाऊक नव्हतें आणि पाठविणाऱ्यानें त्यांतला एक तुकडाहि चिकटविलेला नव्हता.

श्रोतेहो, आपल्या प्रश्नाची गांठ येथें सुटूं लागते. हातानें केलेली वस्तु कारखान्याची असूं शकते. मग ह्याच्या उलट, यंत्रानें केलेली वस्तु घरची असूं शकेल काय? ह्याचें उत्तर महाराष्ट्रांत मिळतें.

हिंदुस्थानांत १८५४ सालीं टपालाची नवी व्यवस्था झाली आणि पाव तोळा वजनाचें पत्र अंतराचा विचार न करतां अर्ध्या आण्यांत जाऊं लागलें. पुढें १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें कार्ड निघालें आणि ‘कार्ड टाकणें’ हा वाक्प्रयोग मराठींत आला. ह्याच्या एकच वर्ष आधीं, १८७८ सालीं, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं पुण्यास चित्रशाळा काढली होती. १८९४ मध्यें राजा रविवर्म्यानें मुंबईस छापखाना घातला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. ह्या छापखान्यांच्या शिळांवरून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, राम आणि दत्त ह्यांच्या रंगीत चित्रांनीं घराघरांतल्या भिंती भरून गेल्या. तें चित्र विकत आणून टांगलें म्हणजे झालें असें मात्र कित्येक घरांतल्या स्त्रियांना वाटलें नाहीं. छापील लक्ष्मीच्या लुगड्यावर त्यांनीं खरें कापड बेतून चिकटविलें, कांठाला जर लावली, गळ्यांत मणी ओंवले, मुकुटावर टिकल्या बसविल्या. अशीं सजविलेलीं चित्रें आज संग्राहक मोठ्या कौतुकानें जपतात. शिळेवरून एकाच साच्याच्या हजारों लक्ष्म्या निघाल्या असतील. पण अमक्या घरची ही लक्ष्मी पुन्हां दुसरीकडे सांपडणार नाहीं. यंत्रानें चित्र दिलें आणि हातानें तें आपलेंसें केलें.

संक्रांतीची चाल ह्याच वृत्तीची. तिळगूळ देऊन गोड बोलण्याचा हा सण. जें माणूस परगांवीं आहे त्याच्या हातावर तिळगूळ कसा ठेवावा? म्हणून विसाव्या शतकांत संक्रांतीचीं छापील भेटकार्डें निघालीं आणि लोक त्यांच्यासोबत पाकिटांत हलव्याचे चार दाणे घालून पाठवूं लागले. कार्ड छापखान्याचें, दाणे घरचे. नव्या सुनेसाठीं हलव्याचे दागिने करितात त्यांतहि जाड कागद कापून त्याला सोनेरी कागद लावतात आणि त्यावर हलव्याच्या माळा गुंफतात. कागद कापणें, थरावर थर चढविणें आणि कडेला नक्षी देणें, हीं शुभेच्छापत्राचीं तीन मुख्य अंगें मराठी स्त्रियांच्या हातांत हलव्याच्या दागिन्यांतून आणि लग्नांतल्या रुखवतांतून अगोदरच मुरलेलीं होतीं.

यंत्र हें हाताचें वैरी असलेंच पाहिजे असें नाहीं, ह्याचा एक दाखला खुद्द नगरचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे यंत्रविद्येचे जाणकार गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें काम करीत होते. विणकराच्या मागाची गति वाढावी, पण माग त्याच्या घरांत आणि त्याच्या हातांतच राहावा, अशा बेताचा सुधारलेला हातमाग त्यांनीं तयार केला. गिरणीच्या मागापुढें हातमाग टिकेल कीं नाहीं हा वाद त्या काळीं देशभर चालला होता. त्या वादांत चर्चिल ह्यांनीं तिसरी वाट दाखविली. यंत्र असावें, पण तें हात हलविणाऱ्याचें असावें.

आणखी एक आठवण नगरच्याच किल्ल्यांतली आहे. ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेसचे पुढारी तेथें बंदींत होते. पंडित नेहरूंनीं तेथें ग्रंथ लिहिला, हें सर्वांना ठाऊक आहे. मौलाना आझाद ह्यांनीं तेथें पत्रें लिहिलीं. तीं हबीबुर रहमान खान शेरवानी ह्या आपल्या स्नेह्याला उद्देशून होतीं आणि लिहितांना आझादांना पक्कें ठाऊक होतें कीं तीं धाडतां येणार नाहींत. पुढें ‘गुबार-ए-खातिर’ ह्या नांवानें तीं प्रसिद्ध झालीं. ना टपाल, ना तिकीट. तरी समोर एक माणूस मनानें उभें केल्याशिवाय पत्र लिहवत नाहीं. पत्राचा आत्मा कोठें आहे, हें ह्यावरून कळतें.

पुढच्या काळांत सोय वाढत गेली. तारखात्यानें शुभेच्छेचीं ठराविक वाक्यें तयार करून त्यांना क्रमांक दिले. आपण क्रमांक सांगावा, पलीकडे वाक्य पोंचावें. लग्नघरीं तारांचा ढीग पडे आणि त्यांतलीं कित्येक वाक्यें अक्षरशः एकच असत. तरीहि नांव निवडून, फॉर्म भरून, पैसे मोजून ती तार करावी लागे. जुलै २०१३ मध्यें आपल्या देशांतली तारसेवा बंद झाली. आतां दूरध्वनीच्या पडद्यावर तयार शुभेच्छा येते आणि बोटाच्या एका स्पर्शानें ती शंभर जणांना जाते. बहुतेक वेळां ती कोणी रचली हें पाठविणाऱ्याला ठाऊक नसतें, आणि शंभरांत आपण कोण हें घेणाऱ्याला कळत नाहीं. शिळाछापानें रेषा काढण्याचे श्रम वांचविले, तारेनें वाक्य रचण्याचे श्रम वांचविले. ह्या नव्या सोयीनें एका माणसाची आठवण काढण्याचे श्रमसुद्धां वांचविले. हेंच शेवटचें वांचविणें महाग पडलें.

अशा वेळीं कोणी संध्याकाळीं दिवा लावून टेबलाशीं बसतो आणि कार्ड करूं लागतो, तेव्हां तो काय करितो तें पाहूं. जाड कागद मापानें कापतो, घडी पडावयाची तेथें बोथट पट्टीनें खांच ओढतो, मग तो दुमडतो. खांच न ओढतां दुमडलेला कागद फुटतो. ठसा रबराचा असतो किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा. रबर पक्कें करण्याची कृति चार्ल्स गुडइयर ह्यानें १८४४ मध्यें पेटंट केली आणि त्यानंतर वीसेक वर्षांनीं रबरी शिक्के प्रचारांत आले. पारदर्शक ठशाचा फायदा असा कीं कागदावर तो कोठें पडणार हें आरपार दिसतें, आणि रंगाऱ्याची ती जुनी अडचण, रेषेवर रंग नेमका बसविण्याची, पुष्कळ कमी होते. ओल्या शाईवर बारीक पूड शिंपडून उष्ण हवा दिली कीं पूड वितळते आणि अक्षरें उठावदार होतात. कापण्याचें यंत्र दोन प्रकारचें. एकांत पातळ पोलादी साचा, कागद आणि दोन तक्ते ह्यांची चळत दोन रुळांमधून हातानें फिरवून काढतात. दुसरें संगणकाच्या सांगण्यावरून चालतें. चिकट पटावर कागद बसवितात, रूळ तो पट मागेंपुढें नेतात आणि सुईएवढें पातें आडवें सरकून जाळी कापतें. लग्नपत्रिकांच्या धंद्यांत ह्याच कामाला ‘पंचिंग’ आणि ‘कटिंग’ म्हणतात. तेथें यंत्र मोठें, तत्त्व एकच.

ह्या छंदाचें सगळेंच कौतुक करण्यासारखें नाहीं. साचे आणि ठसे महाग असतात आणि जमविण्याचा हव्यास लागला तर कपाट भरतें, पण एकहि कार्ड टपालांत पडत नाहीं. कित्येकदां नक्षी इतकी दाटते कीं लिहिण्यास जागाच उरत नाहीं. हेन्री कोलनें राखलेली ती कोरी जागा जर आपणच फुलांनीं भरून टाकली, तर हौस पुरी झाली, पत्र मात्र झालें नाहीं.

म्हणून आरंभींच्या आक्षेपाला उत्तर असें देतां येतें. ठसा कोणी कोरला, कागद कोणी घोटला, पातें कोणी चालविलें, हे प्रश्न दुय्यम होत. पत्र हातचें आहे कीं नाहीं ह्याची कसोटी एकच. हेंच पत्र जसेंच्या तसें दुसऱ्या कोणाला पाठवितां येईल काय? येत असेल, तर तें सर्वस्वीं हातानें केलेलें असूनहि छापील आहे. येत नसेल, तर यंत्रानें कापलेलें असूनहि तें दस्तुरखुद्द आहे. ह्या कसोटीला बाजारचें चार रुपयांचें कार्डहि उतरूं शकतें, त्यावर दोन खऱ्या ओळी असल्या म्हणजे. मावशीला पारिजातक आवडतो म्हणून तोच साचा निवडणें, आजोबांना आतां बारीक अक्षर दिसत नाहीं म्हणून मोठें लिहिणें, ह्यांत हात असतो. दुसऱ्यासाठीं काढून ठेवलेला अर्धा तास त्या कागदाला चिकटलेला असतो आणि घेणाऱ्याला तो बरोबर जाणवतो.

ह्या गोष्टीला इतिहासाच्या दृष्टीनेंहि मोल आहे. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचीं, दप्तरांतलीं जुनीं पत्रें गोळा करीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि मराठ्यांचा इतिहास नव्यानें लिहिला जाऊं लागला. तीं पत्रें उरलीं, कारण तीं घोटीव कागदावर होतीं आणि कोणीतरी तीं फेंकलीं नाहींत. आपल्या ह्या काळांतल्या घरगुती जिव्हाळ्याचीं साधनें उद्यां कोणाच्या माळ्यावर सांपडतील? पडद्यावरचीं चित्रें दूरध्वनी बदलला कीं जातात. टीचभर जाड कागद मात्र पेटींतल्या साडीच्या घडींत पन्नास वर्षें सहज राहतो.

येत्या संक्रांतीला नागापूरच्या एखाद्या कामगाराच्या घरीं, किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या चाळींत, कोणी मुलगी पतंगाचा आकार कापून परगांवच्या भावाला पाठवील, तर तिनें यंत्र वापरलें कीं कातर, हें विचारण्याचें कारण नाहीं. ठसा उमटवून झाला, नक्षी चिकटवून झाली, म्हणजे तिनें पेन उचलावें आणि खालच्या कोऱ्या जागेंत भावाला एक ओळ लिहावी. शिक्कामोर्तब कोणाहि कारकुनाकडून होतें. ती ओळ मात्र तिची तिनेंच लिहावी लागते.